सामान थोडं, वेळ भरपूर : मुलांची कल्पकता घरच्या घरी कशी जोपासावी

माझे वडील, अप्पा, चादरीचे ग्राफ काढायचे. सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरात खिडकीखाली पाट, पाटावर बारीक चौकटींचा मोठा कागद आणि त्यांच्या हातात तांबडी पेन्सिल. एकेक चौकोन भरत ते मोर उभा करायचे. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाचा हिशेब असा, की ग्राफवरचा भरलेला चौकोन म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डाला पडणारं एक भोक, आणि भोक म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा, तेवढा धागा वर उचलला जाणं. ग्राफच्या एका आडव्या ओळीला एक कार्ड. अर्धा चौकोन हा प्रकारच नाही. मी दुसरीत असेन. मोराची मान जवळून पाहिली तर नुसत्या पायऱ्या. “अप्पा, मान वाकडी झालीय.” त्यांनी कागद भिंतीला टेकवला, मला दंडाला धरून दारापर्यंत नेलं आणि म्हणाले, “आता बघ.” मान गोल झाली होती. “चौकोनात गोल बसत नाय,” ते म्हणाले, “पण डोळ्याला फसवता येतं.”

पुढे मी शिक्षिका झाले, पहिली ते चौथीच्या वर्गांत वीस वर्षं काढली, दोन मुलं वाढवली आणि या विषयावर जमेल तसं वाचतही राहिले. तरी मला सांगायचंय ते बरंचसं त्या पाटावरच होतं. अप्पांकडे रंग दोनच, चौकोन मोजके, पण त्या मोरासाठी आठ दिवस हातात होते. आपण मुलांना छत्तीस रंगांची पेटी आणून देतो, आणि ट्यूशन आणि कराटेच्या मधली वीस मिनिटं. हे उलटं करायचं कसं, ते पुढे एकेक पायरी घेऊन लिहिते. साधारण चार ते बारा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत.

आधी शब्द नीट समजून घेऊ

कल्पकता म्हणजे चित्रकला, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज. ज्याला चित्र जमत नाही त्याच्यावर पाचव्या वर्षीच शिक्का बसतो. अभ्यासक कल्पकतेची ओळख दोन गोष्टींवरून करतात : सुचलेलं नवं हवं आणि ते प्रसंगाला लागूही पडायला हवं. नुसतं विचित्र म्हणजे कल्पक नव्हे. गळणाऱ्या नळाखाली बादली भरून वाहू नये म्हणून मुलीने सुताचा दोरा नळाला बांधून धार शेजारच्या कुंडीत वळवली, तर ती कल्पकता आहे. तिथे चित्राचा काय संबंध?

दुसरा गैरसमज असा, की कल्पकता फक्त थोरामोठ्यांकडे असते. जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेगेटो या अमेरिकन अभ्यासकांनी २००९ साली तिच्या चार पातळ्या मांडल्या. सगळ्यात वर जग बदलणारे. त्याखाली आपल्या धंद्यात मुरलेले, म्हणजे अप्पांसारखे. त्याखाली रोजच्या जगण्यात काहीतरी जुगाड करणारे तुम्ही-आम्ही. आणि सगळ्यात खाली, किंवा खरं तर मुळाशी, स्वतःला पहिल्यांदाच काहीतरी उमगणं. शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवली की वेगळीच लागते, हे सोलापुरात कुणाला नवीन नाही. पण पाच वर्षांच्या पोराला ते त्याचं त्याला सापडलं, तर त्याच्यापुरता तो शोधच. आपण मात्र तिथे “त्यात काय, सगळेच खातात” म्हणून मोकळे होतो. मुळावर घाव बसतो तो असा.

तिसरी गोष्ट मापाची. जे. पी. गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात या विषयाकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. त्यानंतर एका प्रश्नाची अनेक उत्तरं शोधण्याच्या कुवतीवर खूप काम झालं. कल्पकता मापणाऱ्या पॉल टॉरन्स यांच्या चाचण्या १९६६ पासूनच्या. त्या चाचण्या मुलांवर करायची घरी काही गरज नाही, पण त्या काय पाहतात ते कळलं तर आपली नजर सुधारते. एक उदाहरण. मी चौथीच्या वर्गाला टॉवेलची एक चिंधी दाखवून विचारलं, हिचं काय काय करता येईल? एका मुलाने अकरा उपयोग सांगितले. फळा पुसणे, सायकल पुसणे, चप्पल पुसणे, बाक पुसणे... म्हणजे संख्या भरपूर, पण सगळं पुसणंच. त्याच्या मागच्या मुलीने चारच सांगितले : पुसणं, बाहुलीची चादर, पतंगाची शेपटी, आणि चौथं असं, “ताई, पावसात खिडकीच्या फटीत कोंबायची, मग आवाज येत नाही.” उत्तरं किती, किती तऱ्हांची, किती वेगळी आणि किती तपशिलात, अशी ही चार मापं. पहिल्या मुलात कमी आहे असं नाही हं. त्याला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं, “बरं, आता पुसणं सोडून सांग.” मी म्हटलं. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, “वात.”

पहिली पायरी : आठवडाभर नुसतं पाहा

काहीही विकत आणायच्या आधी एक जुनी वही घ्या. सात दिवस, रोज चार ओळी. मूल कुणी काही न सांगता कशाकडे जातं? कोणत्या गोष्टीकडे परत परत येतं? खेळताना काय पुटपुटतं? दिवसात विचारलेल्या प्रश्नांतला एक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. अर्थ लावू नका, फक्त टिपा.

मी हे धाकट्यासाठी केलं ते वैतागून. थोरली सतत काहीतरी काढायची, रंगवायची. हा कागदाला हातच लावायचा नाही. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की याचा कल नाही. वहीत मात्र पाचव्या दिवशी एकच गोष्ट तिसऱ्यांदा आली : बोळात क्रिकेट खेळताना नियम हा बनवतो. बोळ चार फुटांचा, बाजूला एका मावशींचं तुळशीवृंदावन. म्हणून बॉल थेट भिंतीला लागला तर आऊट, टप्पा पडून लागला तर दोन रन, वृंदावनाला लागला तर पूर्ण टीम आऊट. नवीन मुलगा आला की नियमात बदल, लहान कुणी असेल तर त्याला दोन जीव. मूल कल्पक नाही म्हणत होते मी, आणि ते रोज संध्याकाळी कायदेमंडळ चालवत होतं.

दुसरी पायरी : वेळ काढा, आणि तो रिकामा राहू द्या

आठवड्यातून चार दिवस, सलग पाऊण ते एक तास. वेळ ठरलेली असावी, काम ठरलेलं नसावं. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचासुद्धा. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, की नळाला पाणी येण्याचा दिवस यातून वगळायचा. त्या दिवशी घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

सुट्टीत तर हा तास आयताच मिळतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर गेला की दुपारी बारा ते चार कुणी बाहेर पडत नाही. फरशीवर ओलं फडकं फिरवा, पंख्याखाली सतरंजी टाका. त्या चार तासांसाठी उन्हाळी शिबिर शोधत फिरण्यापेक्षा हे बरं.

पहिली वीस मिनिटं वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवते. “कंटाळा आलाय.” “काय करू?” “मोबाइल दे ना.” इथेच बहुतेक आई-बाप हरतात, मीही हरलेय. काहीतरी सुचवून टाकतो आपण. सुचवलं की ते काम आपलं होतं, आणि पाच मिनिटांत संपतं. त्याऐवजी एकच वाक्य : “बघ तुझं तू, मी इथेच आहे.” आणि खरंच तिथेच बसा, पण आपल्या कामात. शेंगा फोडा, ज्वारी निवडा. हातात काम असलेली आई मुलाच्या कामात फार डोकावत नाही. कंटाळ्याच्या पलीकडे मूल पोहोचायला साधारण तीन-चार बैठका लागतात. आमच्याकडे धाकट्याला पाच लागल्या.

तिसरी पायरी : डबा भरा, पण उतू जाऊ देऊ नका

सायमन निकोल्सन हे आईच्या बाजूने शिल्पकाराच्या आणि वडिलांच्या बाजूने चित्रकाराच्या घरातले. १९७१ साली त्यांनी सुट्या वस्तूंचा विचार मांडला : ज्या जागी हलवता, जोडता, बदलता येतील अशा गोष्टी जितक्या तऱ्हांच्या, तितका तिथे कल्पकतेला वाव. यातला ‘तऱ्हा’ हा शब्द महत्त्वाचा. छत्तीस खडू म्हणजे तऱ्हा एकच. दहा प्रकारच्या टाकाऊ वस्तू म्हणजे दहा तऱ्हा, आणि खर्च शून्य.

आपल्याकडे हा विचार बालवाडीत आधीपासून होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात पानं, बिया, खडे, शिंपले हेच शिकण्याचं साहित्य होतं. मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळा कुरणात नेली. अरविंद गुप्तांनी तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्यावर त्रिकोण, घन, घरं उभी करायला शिकवलं. सायकलच्या दुकानात ती नळी अजून मिळते. साधारण दीड सेंटीमीटर लांबीचे तुकडे करा, दोन्ही बाजूंनी काडी घाला, झाला सांधा. काडीचा गुल आधी खरवडून टाका.

सोलापुरात सामान कुठे मिळतं? विचारायची लाज सोडली तर पावलोपावली. ओळखीच्या मागाच्या कारखान्यातून सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणि सुताच्या कोनाचे पुठ्ठ्याचे शंकू. टॉवेलच्या किनारीच्या पट्ट्या. शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांकडची कतरण, तिच्यात निळा-खाकी-पांढरा सोडून दुसरा रंग सापडत नाही, तरी मुलांना त्याचं काही वाटत नाही. घरातून चिंचोके, शेंगांची टरफलं, औषधाच्या बाटल्यांची बुचं. आणि ज्वारीची वाळलेली ताटं.

या ताटांबद्दल जरा थांबून सांगते, कारण आता शहरातल्या मुलांनी ती पाहिलेलीच नसतात. ताटाचं एक पेर तोडायचं. वरची चिवट साल लांब पट्टीत निघते, आतला गाभा पांढरा, हलका, दाबला की दबणारा. सालीची पट्टी म्हणजे खिळाही आणि दोरीही : टोक गाभ्यात खुपसलं की घट्ट बसतं. गाभ्याच्या दोन चकत्या म्हणजे चाकं, सालीचा आस, वर चार पट्ट्या, झाली बैलगाडी. माझ्या आजोळी, मंगळवेढ्याच्या बाजूला, पोरं याच मालातून गाडी, मोट, चष्मा, तराजू काय वाटेल ते करायची. डिंक नाही, कात्री नाही. फक्त सालीची कड धारदार असते, बोट कापतं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना साल मोठ्यांनी काढून द्यावी.

सुरक्षिततेचं एवढंच. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर चिंचोके, बुचं, बटणं उंचावर. ती घशात अडकतात. दोऱ्याचे तुकडे वीतभरापेक्षा लांब नकोत, गळ्याला गुंडाळले जातात. रंगाईच्या कारखान्यातला रंग किंवा त्याची पुडी खेळायला कधीही आणू नये. आणि सामान मागायला कारखान्यात गेलात तर मूल बाहेर उभं करा. चालू मागाजवळ मुलाचं काम नाही.

हे सगळं एकदम मुलापुढे ओतू नका. माझी चूक ही झाली होती : पहिल्याच दिवशी मी पोतंभर सामान पसरलं, आणि दोघांनी अर्धा तास नुसती फेकाफेकी केली. आता आमचा नियम असा, की डब्यात एका वेळी सहा-सात तऱ्हाच, प्रत्येकी मूठभर. पंधरा दिवसांनी दोन तऱ्हा काढायच्या, दोन नव्या घालायच्या. चिकटवायला एकच साधन. खळ घरी करता येते. चमचाभर मैदा, अर्धी वाटी पाणी, मंद आचेवर घोटत राहायचं.

चौथी पायरी : चौकट आखून द्या

बरेच पालक म्हणतात, “आम्ही तर पूर्ण मोकळीक देतो, तरी काही करत नाही.” साहजिक आहे. कोरा कागद देऊन “तुला हवं ते काढ” म्हटलं की मोठी माणसंही गांगरतात. चौकट असली की डोकं चालतं, कारण मग कुठे धडका मारायच्या ते कळतं. अप्पांना अर्धा चौकोन मिळाला असता तर मान गोल करायची युक्ती त्यांना कशाला शोधावी लागली असती?

म्हणून आठवड्यात एक दिवस, फक्त एकच, आपण अट घालायची. बाकी तीन दिवस मोकळे. आमच्याकडे सगळ्यात जास्त टिकलेला खेळ अर्थातच ग्राफचा, तो तपशिलात देते.

गणिताची चौकटीची वही घ्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला आठ बाय आठ चौकोन फरशीवर खडूने मोठे आखून द्या, भरायला तूरडाळ आणि शेंगदाणे. सहा ते आठच्या मुलांना कागदावर सोळा बाय सोळा. त्यापुढच्यांना चोवीस बाय चोवीस. अटी तीन : रंग दोनच, चौकोन पूर्ण भरायचा, आणि चित्र दारातून ओळखू यायला हवं. पहिल्यांदा कबुतर, मासा, किल्ल्याचा बुरूज असं काही सोपं घेऊ द्या. मूल आधी बाह्यरेषा काढतं, मग तिरक्या रेषेपाशी अडतं. अडू द्या. दहा मिनिटं तरी. मग विचारा, “दारातून बघायचं का?” दारातून पाहिल्यावर कोणता चौकोन खटकतो ते त्याचं त्याला दिसतं. परत येऊन तो एक चौकोन खोडायचा, परत दारापाशी जायचं. या येरझाऱ्या म्हणजेच खरं काम. दुसऱ्या आठवड्यात तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं काढायला सांगा. तिसऱ्यात कबुतराच्या चार प्रती एकमेकांना चिकटवून पट्टा करायला. प्रती जोडल्यावर मधल्या रिकाम्या जागेतही एक आकार तयार होतो, तो सापडल्यावर आमची थोरली ओरडलीच होती.

मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर यातली गंमतही सांगा : जोसेफ जकार्ड या फ्रेंच विणकराने १८०४ च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारी ही युक्ती यशस्वी केली, आणि पुढे संगणकाला सूचना द्यायलाही भोकाचेच पुठ्ठे वापरले गेले. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अक्षरांत सोलापुरी चादरीवरचा मोर लिहिलेला असतो.

दुसरी अट जत्रेची. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला सगळी मुलं जातात, पाळण्यात बसतात, भजी खातात आणि येतात. यंदा जाताना एक प्रश्न खिशात घालून न्या : बाराबंदी घातलेले मानकरी एवढा उंच नंदीध्वज तोलतात, तो पडत का नाही? उत्तर सांगू नका. घरी आल्यावर एक पेन्सिल आणि एक लांब दांड्याचा झाडू द्या, दोन्ही तळहातावर उभे तोलायला. पेन्सिल लगेच पडते, झाडू टिकतो. आणि झाडूचा जड भाग वर ठेवला तर जास्तच टिकतो. उंच आणि वर जड असलेली वस्तू सावकाश कलते, तोवर हाताला सावरायला वेळ मिळतो. धाकट्याने त्यापुढे जाऊन विचारलं, पेन्सिलीच्या वर बटाटा खोचला तर? तो बटाटा नंतर भाजीत गेला.

बाकीच्या अटी थोडक्यात, जशा आमच्या वहीत आहेत : एकच चिंधी, न कापता, पाच वस्तू. रिकाम्या कांड्यांचा हातभर उंच मनोरा, वर पाण्याची वाटी. गोष्ट सांगायची, पण तीत कंबर तलाव, एक हरवलेली चप्पल आणि एक बहिरा पोपट यायलाच हवेत.

पाचवी पायरी : प्रश्नांना हाताळायचं कसं

प्रत्येक प्रश्नाला “तुला काय वाटतं?” असं उलट विचारायची फॅशन आहे. दोनदा चालतं, तिसऱ्यांदा मूल चिडतं, आणि बरोबरच आहे त्याचं. मी तीन वाटा ठेवते. माहितीचा प्रश्न असेल, तर सरळ उत्तर द्यायचं. करून बघण्यासारखा असेल, तर “चल बघू.” आणि ज्याला उत्तरच नाही असा असेल, तर वहीत लिहून ठेवायचा आणि रविवारी जेवताना सगळ्यांपुढे काढायचा. “देवाला तेलुगू येतं का?” हा आमच्या वहीतला प्रश्न आहे, आणि त्यावर आजीचं आणि शेजारच्या काकूंचं एकमत झालेलं नाही.

सोलापूरचा यात मोठा फायदा आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एका बोळात नांदतात. पाणी, नीळ्ळु, नीरु, पानी. शेंगदाण्याला तेलुगू घरात पल्ली म्हणतात, कन्नड घरात शेंगा. एका वस्तूला चार नावं असू शकतात हे ज्या मुलाला तिसऱ्या वर्षी कळतं, त्याला एका प्रश्नाची चार उत्तरं असू शकतात हे फार पटवून द्यावं लागत नाही. खेळ सोपा आहे : एक वस्तू घ्या, शेजारीपाजारी फिरून तिची नावं गोळा करा, आणि मग पाचवं नाव आपण तयार करायचं. आमच्याकडे रिमोटला “दाबल्या” म्हणतात.

सहावी पायरी : तोंड सांभाळा

थोरली सातव्या वर्षापर्यंत भिंती, बिलांच्या पाठी, कॅलेंडर, काहीही सोडायची नाही. मग मी तिला एका चित्रकलेच्या क्लासला घातलं, कारण स्पर्धा होती. तिथे निसर्गचित्र शिकवलं : दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. सोलापूरच्या सपाट माळावर डोंगर आणि नारळ! पण तेच काढलं की बक्षीस मिळतं, म्हणून तेच तीस वेळा. बक्षीस मिळालं नाही. ती रडली, आणि त्यानंतर सात-आठ महिने तिने पेन्सिलच उचलली नाही. क्लासला दोष देऊन उपयोग नाही, घातलं तर मीच.

खूप नंतर मला एका प्रयोगाची माहिती मिळाली आणि अंगावर काटा आला. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला. तीन ते पाच वर्षांची, आपणहून आवडीने चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक तेच दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेनं पुन्हा ठेवली, तेव्हा बक्षिसाचा वायदा मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे बक्षीस वाईट नव्हतं, वायदा वाईट होता. खेळाचं काम झालं.

“वा! मस्त! किती छान!” हेही एक छोटं प्रमाणपत्रच. मूल मग कागदापेक्षा आपल्या तोंडाकडे जास्त बघतं. त्याऐवजी जे दिसतं ते बोला. “इथे तू तांबडं वापरलंस आणि तिकडे सोडून दिलंस.” “हा मनोरा मघाशी पडला होता ना, मग खाली काय बदललंस?” “यातलं अवघड काय गेलं?” आणि कधी कधी काहीच बोलू नका, नुसते शेजारी बसून पाहा. “हे काय आहे?” हा प्रश्न मात्र टाळाच. लहान मुलाला पुष्कळदा ते काहीच नसतं. आपण विचारलं म्हणून त्याला घाईघाईने “घर” म्हणावं लागतं.

दुरुस्तीचा मोह मोठा असतो. माझा हात अजून शिवशिवतो. उपाय एकच सापडला : मी स्वतःचा वेगळा कागद घेते.

सातवी पायरी : अर्धवट गोष्टींना जागा द्या

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली सुचण्याचे चार टप्पे सांगितले : तयारी, मुरणं, सुचणं आणि तपासणं. यातला मुरण्याचा टप्पा आपल्या घरांत केर काढताना मरतो. संध्याकाळ झाली, आवरा, मोडा, डब्यात भरा. पसारा मलाही सहन होत नाही, पण एक फळी मोकळी करा. आमच्याकडे शिलाई मशिनच्या वरची आहे. तिच्यावर ठेवलेलं मोडायचं नाही, पुसायचं नाही, कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवलंय. वस्तू जास्तीत जास्त तीन. चौथी ठेवायची तर कुठली काढायची हे मुलाने ठरवायचं, आणि ते ठरवतानाच त्याला आपलं काम पुन्हा नीट पाहावं लागतं.

महिन्यातून एक गोष्ट मात्र शेवटाला न्यायची. सुचणं सोपं असतं, तडीला नेणं चेंगट काम आहे, आणि त्याची सवय वेगळी लावावी लागते. फळीवरच्या तीन वस्तूंतली एक मुलाने निवडायची आणि ती पूर्ण करायची, मग त्या आठवड्यात अट नको.

शाळेचं काय, असं प्रत्येक पालक-सभेत कुणीतरी विचारतंच. शिक्षिका म्हणून सांगते, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हे सगळं होत नाही. घरचा तास घरचाच. मुलाची वही घेऊन शिक्षकांकडे जा, तक्रार घेऊन नको. “याला नियम बनवायला आवडतं” एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं, तर खेळाच्या तासाला त्या पोराचा उपयोग मीच करून घेतला असता.

आठवी पायरी : दाखवायचं कुणाला

स्टेटसला टाकू नका. तिथे शंभर लोक अंगठा दाखवतात आणि एकही जण नीट बघत नाही. त्या कामातलं कळणाऱ्या एका माणसाकडे मुलाला घेऊन जा. आपल्या गावात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत : टेलर, गवंडी, मागावरचे कामगार, रांगोळीत हात बसलेल्या काकू, साइनबोर्ड रंगवणारे. दुपारी कामाची घाई नसताना जायचं, आधी विचारून. मुलाला सांगायचं, तुला काय अवघड गेलं ते त्यांना विचार. “छान आहे का?” असं विचारायचं नाही. कारागीर माणूस लहान मुलाचं काम हातात घेतो तेव्हा फार गोड बोलत नाही, पण उलटून मागची बाजू बघतो. मुलांना ते कळतं.

थोरलीने बऱ्याच महिन्यांनी पुन्हा ग्राफ हातात घेतला, चोवीस बाय चोवीस, तांबडा आणि काळा. मोरच. पूर्ण व्हायला तीन आठवडे लागले, मधले दहा दिवस तो फळीवर नुसता पडून होता. मग आम्ही तो अप्पांकडे नेला. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांनी कागद आधी जवळ धरला, मग भिंतीला टेकवला आणि काठी टेकत दारापर्यंत गेले. बराच वेळ बघत राहिले.

“मान एक चौकोन आखूड पडलीय गं.”

“आखूड नाही आजोबा,” ती म्हणाली, “मागं वळून बघलालाय तो.”

अप्पा परत आले, चष्मा पुसला, आणि पुन्हा दारापाशी गेले.